ब्रह्मदेश पाहताना : वार्ता, छायाचित्रे आणि चिकित्सक दृष्टी

परदेशाचे ज्ञान आपल्या वाडवडिलांना दोनच मार्गांनी मिळत असे. एक, तेथे जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून. आणि दुसरा, छापील पुस्तकातून. आपल्या समाजाच्या वाट्याला हे दोन्ही मार्ग फार उशिरा आले. आज शेतमजुराच्या घरातही मोबाईल आहे आणि त्याच्या पडद्यावर कोणत्याही देशाच्या वार्ता व छायाचित्रे अहोरात्र येत असतात. सुट्टीहून वसतिगृहात परतलेल्या विद्यार्थ्यांपुढे इतिहासाच्या तासाला आम्ही एखाद्या देशाचे नाव काढले, की त्यांपैकी कित्येकजण "तो देश आम्ही पाहिला आहे" असे सहज सांगतात. पडद्यावर देश पाहणे म्हणजे नेमके काय, तो कसा पाहावा आणि पाहताना काय निसटते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय केवळ उपदेशाच्या रूपाने मांडण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही एकच देश उदाहरणादाखल घेत आहोत. तो देश म्हणजे ब्रह्मदेश. त्याची निवड करण्याचे कारण असे की, तो आपल्याला जवळचा वाटतो. आणि जो देश जवळचा वाटतो त्याची परीक्षा करणे सर्वांत अवघड असते.

१. आपला आणि ब्रह्मदेशाचा ऋणानुबंध

ब्रह्मदेशाचे आजचे अधिकृत नाव म्यानमार. १९८९ साली तेथील लष्करी राजवटीने हे नाव रूढ केले. रंगूनचे यांगून आणि आराकानचे राखीन हेही त्याच वेळी झाले. मराठीत ब्रह्मदेश हे नाव रुळलेले असल्याने आम्ही तेच वापरतो. भारताशी या देशाची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे आणि ती अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर व मिझोराम या चार राज्यांना लागून जाते. १ एप्रिल १९३७ रोजी वेगळा होईपर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. ४ जानेवारी १९४८ रोजी तो स्वतंत्र झाला.

महाराष्ट्राचे आणि त्याचे नातेही जुने आहे. इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली तेथेच मरण पावला. त्याचा राजवाडा आजही रत्नागिरीत उभा आहे. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली.

आंबेडकरी समाजाच्या दृष्टीने हे नाते अधिक खोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ या एकाच वर्षी दोन वेळा ब्रह्मदेशास गेले. डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनास ते उपस्थित होते. त्या काळात रंगूनमध्ये सहावी धम्मसंगीती चालू होती. तेथून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळील देहूरोड येथील विहारात स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले, ते कुशिनगरला राहत असले तरी जन्माने आराकानचे होते. पुढे विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका हेही मंडालेत जन्मलेले. १९६९ साली ते भारतात आले आणि नंतर इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. मुंबईजवळ गोराई येथील ज्या भव्य पॅगोडाला आपल्यापैकी अनेकांनी सहकुटुंब भेट दिली असेल, तो रंगूनच्या श्वेडगोन चैत्याच्या धर्तीवर बांधलेला आहे.

इतके ऋण ज्या देशाचे आहे, तो देश पाहण्याची उत्सुकता आपल्याला असणे स्वाभाविक आहे.

२. सुवर्णचैत्यांचे चित्र

आता एखादा विद्यार्थी मोबाईलवर ब्रह्मदेशाची छायाचित्रे शोधू लागला, तर त्याला प्रथम काय दिसते? संध्याप्रकाशात झळाळणारा श्वेडगोन. बागानच्या पठारावर धुक्यातून वर आलेली दोन हजारांहून अधिक प्राचीन मंदिरे आणि स्तूप. पहाटे भिक्षापात्र घेऊन एका रांगेत चालणारे बालश्रामणेर. इनले सरोवरात एका पायाने वल्हे मारणारा कोळी. गालांवर थनाखाचा पिवळसर लेप लावलेल्या मुली. ही सर्व चित्रे खरी आहेत. बागानची मंदिरे मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांतली असून २०१९ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

तथापि या चित्रप्रवाहाचा एक स्वभाव आहे. ज्या चित्रावर आपली नजर थांबते, ज्याला आपण पसंती देतो, त्याच जातीची आणखी चित्रे तो आपल्यापुढे आणतो. ही निवड यंत्रातील गणिती आज्ञावली करते. आपण चैत्य पाहिला, की दुसरा चैत्य येतो. भिक्खू पाहिला, की आणखी दहा भिक्खू येतात. महिनाभर असे पाहिल्यावर तो देश म्हणजे चैत्य आणि चीवर एवढाच आहे, अशी समजूत होते. देश आपल्याला दाखवला जात आहे असे वाटते, परंतु प्रत्यक्षात आपलीच आवड आपल्याला परत दाखवली जात असते.

त्या चित्रांत काय येत नाही, ते भूगोलाच्या पुस्तकातून कळते. ब्रह्मदेशात ५ कोटींहून अधिक लोक राहतात. २०१४ च्या जनगणनेनुसार त्यांपैकी सुमारे ८८ टक्के बौद्ध आहेत. शासनाने अधिकृतरीत्या १३५ जमाती मानलेल्या आहेत. उत्तरेकडील कचिन आणि आपल्या मिझोरामला लागून असलेले चिन बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत. शान, करेन, कया, मोन, राखीन यांच्या स्वतंत्र भाषा वा बोली आणि स्वतंत्र इतिहास आहेत. स्वातंत्र्यापासून यांतील अनेक प्रदेशांत केंद्रीय सत्तेविरुद्ध सशस्त्र संघर्ष चालू आहे. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात हे येत नाही, कारण पर्यटक तेथे जात नाही किंवा त्याला जाऊ दिले जात नाही.

या गोष्टीचा अनुभव आपल्याला घरबसल्याही आहे. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. शिवाजी पार्कवरील ग्रंथविक्रीच्या दालनांपुढे खेड्यापाड्यांतली माणसे पदरचे पैसे मोजून पुस्तके घेतात. दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांत जे छायाचित्र येते, ते रेल्वेच्या गर्दीचे किंवा कचऱ्याचे असते. ते छायाचित्र खोटे नसते. पण ते पाहून आपला समाज कळतो काय? ज्यांना दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत स्वतःला पाहावे लागले आहे, त्यांनी तरी दुसऱ्या देशाचे चित्र पाहताना चौकटीबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न विसरता कामा नये.

३. चित्र कोणी घेतले आणि ते केव्हा थांबले

प्रत्येक छायाचित्रामागे एक माणूस असतो आणि ते काढण्यासाठी त्याने काही किंमत मोजलेली असते. २००७ साली ब्रह्मदेशात इंधनाचे दर एकाएकी वाढले आणि त्यावरून असंतोष पेटला. सप्टेंबर महिन्यात हजारो भिक्खू मेत्तसुत्ताचे पठण करीत रस्त्यावर उतरले. लष्करशहांकडून भिक्षा घ्यायची नाही या निर्धाराने त्यांनी आपली भिक्षापात्रे पालथी धरली. विनयातील ही बहिष्काराची जुनी रीत आहे. त्या वेळी परदेशी पत्रकारांना उघडपणे काम करता येत नव्हते. नॉर्वेतून चालणाऱ्या 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' या निर्वासितांच्या वृत्तसंस्थेचे तरुण लहान कॅमेरे पिशवीत लपवून चित्रण करीत आणि ते देशाबाहेर पाठवीत. जगाने ते आंदोलन पाहिले ते मुख्यतः या अनामिक तरुणांच्या डोळ्यांनी.

२७ सप्टेंबर २००७ रोजी जपानी छायाचित्रकार केंजी नागाई रंगूनच्या रस्त्यावर गोळी लागून मरण पावले. भटक्या गोळीने हा मृत्यू झाला असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. परंतु रॉयटर्सच्या अद्रीस लतीफ यांच्या छायाचित्रात रस्त्यावर पडलेले नागाई, त्यांच्या हातातील कॅमेरा आणि अगदी जवळ असलेला बंदूकधारी सैनिक स्पष्ट दिसत होते. या छायाचित्रास पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. नागाई यांचा हरवलेला कॅमेरा तब्बल साडेपंधरा वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, बँकॉक येथे त्यांच्या बहिणीच्या हाती देण्यात आला.

सप्टेंबर २००७ च्या अखेरीस राजवटीने देशातील इंटरनेट बंद केले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली तेव्हाही हेच घडले. ४ फेब्रुवारीला फेसबुक बंद झाले, त्यापाठोपाठ अन्य माध्यमे, आणि त्याच महिन्याच्या मध्यापासून रोज रात्री इंटरनेट तोडले जाऊ लागले. ८ मार्च रोजी पाच स्वतंत्र वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले.

यावरून विद्यार्थ्याने एक गोष्ट शिकावी. एखाद्या देशाकडून येणारी चित्रे अचानक कमी झाली, तर तेथे शांतता नांदत आहे असा निष्कर्ष काढू नये. चित्र थांबले हीदेखील एक बातमी असते, आणि ते कोणी थांबवले हे शोधणे हा अभ्यासाचा भाग असतो.

४. राखीनची कसोटी

आता आम्ही या लेखाच्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. २५ ऑगस्ट २०१७ रोजी राखीन प्रांतात एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने जी मोहीम चालवली, तिच्यामुळे ७ लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले. शासनाच्या १३५ जमातींच्या यादीत रोहिंग्यांचे नाव नाही आणि १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिकत्वापासून दूर ठेवलेले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये रॉयटर्सचे भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांनी होडीतून उतरून किनाऱ्याच्या वाळूला हात टेकवणाऱ्या एका थकलेल्या रोहिंग्या स्त्रीचे छायाचित्र घेतले. ते जगभर पोहोचले. सिद्दिकी पुढे जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात वार्तांकन करताना मारले गेले.

या विध्वंसात मोबाईलवरील वार्तांचा वाटा मोठा होता. ब्रह्मदेशात २०१४ नंतर सिमकार्ड एकदम स्वस्त झाले आणि कोट्यवधी लोकांच्या हाती थेट फेसबुक आले. वृत्तपत्र वाचण्याची, दोन बातम्या ताडून पाहण्याची सवय लागण्याआधीच हा प्रवाह घरात शिरला. पुष्कळांच्या लेखी फेसबुक हेच इंटरनेट होते. त्यावरून रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवला गेला. त्यात लष्कराची माणसे होती आणि, सांगावयास दुःख होते, चीवरधारीही होते. मंडालेचे भिक्खू विराथू यांचा चेहरा २०१३ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला तो याच कारणासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली फेसबुकच्या भूमिकेवर कठोर ताशेरे ओढले. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने खुद्द सरसेनापतींचे खाते काढून टाकले. पण तोपर्यंत गावे जळून गेली होती.

छायाचित्राचा गैरवापर किती सहज होतो याचा वस्तुपाठ त्याच वर्षी मिळाला. जुलै २०१८ मध्ये ब्रह्मी लष्कराच्या प्रचार विभागाने राखीनच्या प्रश्नावर एक पुस्तक काढले. त्यातील एका छायाचित्राखाली, रोहिंग्यांनी १९४० च्या दशकात स्थानिक बौद्धांची कत्तल केली, अशा अर्थाचा मजकूर होता. रॉयटर्सच्या पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा ते छायाचित्र १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धातले निघाले. रोहिंग्या ब्रह्मदेशात घुसत आहेत असे सांगणारे दुसरे चित्र १९९६ साली आफ्रिकेत, टांझानियात, घेतलेले होते आणि त्यात रवांडाचे निर्वासित होते. मूळ रंगीत चित्र जुने दिसावे म्हणून कृष्णधवल करण्यात आले होते. तिसऱ्या चित्रात समुद्रमार्गे येणारी माणसे म्हणून जी दाखवली, ती प्रत्यक्षात देश सोडून जाणारी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये लष्कराला दोन छायाचित्रांबद्दल क्षमा मागावी लागली. तिन्ही छायाचित्रे खऱ्या माणसांचीच होती. खोटा होता तो त्यांखालचा मजकूर.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण सांगणे आवश्यक आहे. २ सप्टेंबर २०१७ रोजी राखीनमधील इन दिन या गावी दहा रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली. मारणाऱ्यांत सैनिक होते आणि गावातील बौद्धही होते. हत्येपूर्वी गुडघ्यांवर बसवलेल्या त्या दहा जणांचे छायाचित्र रॉयटर्सच्या वा लोन आणि क्याव सो ऊ या दोन ब्रह्मी पत्रकारांच्या हाती लागले. डिसेंबर २०१७ मध्ये दोघांना अटक झाली आणि पुढे सात वर्षांची शिक्षा झाली. ५०० हून अधिक दिवस तुरुंगात काढल्यावर मे २०१९ मध्ये ते सुटले. या हत्येबद्दल शिक्षा झालेले सात सैनिक मात्र वर्षभराच्या आतच मुक्त झाले होते.

ही छायाचित्रे पत्रकारांना दिली कोणी? त्या गावातल्याच एका वृद्ध बौद्ध गावकऱ्याने. असे पुन्हा घडू नये, म्हणून सत्य उघड व्हावे, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याच लोकांच्या हातून घडलेले पाप झाकून न ठेवता त्याने पुरावा पुढे केला. ब्रह्मदेशाच्या हजारो छायाचित्रांत या वृद्धाचा चेहरा कोठेही नाही. आमच्या मते त्या गावात पंचशीलातील सत्यवचनाचे पालन ज्यांनी केले, त्यांत त्याचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

येथे वाचकांनी थोडे थांबून भदन्त चंद्रमणींचे स्मरण करावे. ज्या आराकानच्या भूमीने आपल्याला दीक्षा देणारा भिक्खू दिला, तीच भूमी आज राखीन म्हणून ओळखली जाते. आपल्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल दिवस आणि २०१७ चा तो अंधार यांचे नाते एकाच प्रदेशाशी आहे. राखीनमधील सामान्य बौद्ध हाही सुखी नाही. त्याचे राज्य ब्रह्मी राजांनी १७८५ च्या सुमारास जिंकून घेतले, त्याची वंदनीय महामुनी बुद्धमूर्ती उचलून नेली, आणि तो प्रांत देशातील अतिदरिद्री प्रांतांपैकी एक राहिला. त्याच्या दुःखाची कारणे समजून घेणे आपले काम आहे. परंतु कारण समजणे म्हणजे कृत्याचे समर्थन नव्हे.

५. एक आक्षेप

बौद्ध राष्ट्राची अशी उणी बाजू आपण आपल्याच स्मरणिकेत का मांडावी, विरोधकांना आयते साधन मिळेल, असे काही बांधवांना वाटेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

बाबासाहेबांनी बौद्ध देशांकडे आदराने पाहिले, पण डोळे मिटून पाहिले नाही. १९५० साली महाबोधी सभेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी तत्कालीन भिक्खुसंघाच्या निष्क्रियतेवर स्पष्ट टीका केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात, भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी, असा प्रश्न त्यांनी उभा केला. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला त्याचा आशयही हाच आहे की, परंपरा आहे म्हणून, पुष्कळ लोक सांगतात म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये. ती लोभ, द्वेष आणि मोह वाढवते की कमी करते, हे स्वतः तपासावे. मोबाईलवर आलेल्या वार्तेला यापेक्षा चांगली कसोटी आम्हाला सापडलेली नाही.

शिवाय ज्या समाजाला शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले, नाव आणि हक्क नाकारले गेले, त्या समाजाच्या मुलाने नागरिकत्व नाकारलेल्या माणसाचे छायाचित्र पाहून त्याचा धर्म कोणता हे प्रथम विचारावे, हे आपल्या चळवळीला शोभणारे नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. राखीनची चित्रे पाहून सर्व ब्रह्मी बौद्ध क्रूर आहेत असे मानणे म्हणजे पुन्हा एकाच चित्रावरून देश ठरवणे होय. २००७ साली पात्र पालथे धरणारा भिक्खू आणि द्वेषाचे प्रवचन देणारा भिक्खू हे एकाच देशाचे, एकाच चीवरातले आहेत. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय तो देश कळत नाही.

६. अभ्यासाची रीत

पालकांनी आपल्या पाल्यासह आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी करून पाहावा, असा एक महिन्याचा अभ्यास आम्ही सुचवतो. त्यासाठी दोनशे पानी वही, एक नकाशा आणि मोबाईल एवढे साहित्य पुरते. रोज एकच बातमी किंवा एकच छायाचित्र निवडावे आणि त्यापुढे सहा गोष्टी लिहाव्यात.

पहिली, तारीख. बातमी आपल्याला केव्हा मिळाली ही एक तारीख आणि घटना केव्हा घडली ही दुसरी. या दोहोंत फरक असेल तर तो नोंदवावा. जुनी चित्रे नव्या मजकुरासह वारंवार फिरत असतात.

दुसरी, स्थळ. ते गाव नकाशावर शोधावे. मंडाले कोठे, राखीन कोठे, यांगून कोठे हे हाताने दाखवता आले, की बातमी मनात बसते. नवी राजधानी नेपिडो ही यांगूनहून वेगळी आहे, एवढे जरी कळले तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

तिसरी, सांगणारा कोण. 'ग्लोबल न्यू लाइट ऑफ म्यानमार' हे सरकारी पत्र. 'इरावडी' हे १९९३ साली थायलंडमध्ये निर्वासितांनी सुरू केलेले. 'मिझिमा' ही १९९८ साली आपल्याच दिल्लीत ब्रह्मी निर्वासितांनी स्थापलेली संस्था. रॉयटर्स, एपी, एएफपी या जागतिक वृत्तसंस्था. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून दृष्टीही वेगळी. सरकारी पत्र टाकाऊ समजू नये. सत्ताधाऱ्यांना लोकांनी काय मानावे असे वाटते, हे त्यातूनच कळते.

चौथी, दुसरा साक्षीदार. तीच घटना परस्परांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या ठिकाणी आली आहे काय? एकाच मजकुराची दहा जणांनी केलेली नक्कल म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

पाचवी, मूळ चित्र. चित्रावरून शोध घेण्याची सोय आता प्रत्येक मोबाईलमध्ये मिळते. तिने ते चित्र पूर्वी कोठे आणि कोणत्या मजकुरासह आले होते हे पाहता येते. लष्कराच्या त्या पुस्तकातील खोटेपणा असाच मूळ चित्रे शोधून उघड झाला.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, चौकटीबाहेर कोण आहे. या चित्रात कोणता वर्ग, कोणती जमात, स्त्री की पुरुष दिसत नाही, आणि का?

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते एका घटनेवरून पाहू. २८ मार्च २०२५ रोजी सगाईंग आणि मंडाले परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. तारीख आणि स्थळ यांबाबत सर्व स्रोत एकमत होते. इरावती नदीवरील इंग्रजांच्या काळातील सगाईंगचा पूल कोसळल्याची छायाचित्रे आली. उपग्रहाने आकाशातून घेतलेल्या चित्रांनी त्यास दुजोरा दिला. म्हणजे दुसरा साक्षीदार मिळाला. त्याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली विध्वंसाची खोटी दृश्येही फिरत होती. ती अधिक नाट्यमय होती आणि त्यामुळे अधिक पसरली. लष्करी राजवटीने परदेशी पत्रकारांना प्रवेश नाकारला. म्हणजे चित्र कोण थांबवतो याचेही उत्तर मिळाले. बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळल्याचे दृश्य जगाने पुनःपुन्हा पाहिले, कारण तेथे कॅमेरे होते. सगाईंगच्या खेड्यांत ते नव्हते. आपल्या देशाने 'ऑपरेशन ब्रह्मा' या नावाने मदत पाठवली. आणि चौकटीबाहेर कोण होते? मंडालेत परीक्षेस बसलेले भिक्खू विहाराच्या इमारतीखाली गाडले गेले, ही बातमी आपल्या गटांतून पसरली. तो रमजानमधील शुक्रवार होता आणि नमाजासाठी जमलेली शेकडो माणसे मशिदींखाली गाडली गेली, ही बातमी आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोहोचली? धरणीने दोघांत भेद केला नाही. भेद झाला तो आपल्यापर्यंत आलेल्या चित्रांत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. संशय घेणे म्हणजे सर्वच नाकारणे नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नेपिडोच्या रस्त्यावर व्यायामनृत्य करणारी एक तरुणी आणि तिच्या मागून संसदेकडे जाणारा लष्करी वाहनांचा ताफा, असे एक चलच्चित्र जगभर पसरले. अनेकांना ते बनावट वाटले. परंतु त्याच जागी पूर्वी केलेली तिची चित्रणे उपलब्ध होती आणि चित्र अस्सल ठरले. विश्वास ठेवणे आणि न ठेवणे या दोन्ही गोष्टी पुराव्यानेच कराव्यात.

७. समारोप

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. ज्यांचे दुःख इतरांच्या वृत्तपत्रांत येत नव्हते, त्यांचे स्वतःचे पत्र असावे हा त्यामागील विचार होता. शंभर वर्षांनंतर आपल्या हातात असे साधन आले आहे की, जगातील कोणत्याही मुक्याचा आवाज आपल्यापर्यंत येऊ शकतो. तो येऊ देणे न देणे बऱ्याच अंशी आपण काय पाहतो, कोठे थांबतो आणि काय पुढे पाठवतो यावर अवलंबून राहते. पडताळणी न करता पुढे ढकललेली एक द्वेषाची वार्ता कोणत्या थराला जाऊ शकते, हे राखीनने दाखवून दिले आहे. जे तेथे घडले ते अन्यत्र घडणार नाही अशी शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले आज गावोगावी आणि परदेशांतही आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या यांगूनला जाऊन श्वेडगोनपुढे नतमस्तक होईल, तर आम्हाला आनंदच आहे. त्याने तेथून आपल्याला चैत्याचे छायाचित्र अवश्य पाठवावे. त्यासोबत त्या दिवशी चैत्याच्या पायऱ्यांवर कोणाला येता आले नाही, हेही त्याने विचारून लिहावे, एवढीच अपेक्षा.

भवतु सब्ब मंगलम्.